हौसाक्कानं मान हलवली

आमच्या गल्लीतली हौसाक्का जन्माची बहिरी, पण हसरी फार. दवाखान्यात डॉक्टर बोलत गेले, ती मान हलवत गेली, आणि काही न कळताच तिचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या कुणा बहिऱ्यावर ही पाळी नको, दवाखान्यात खुणांची भाषा जाणणारं माणूस ठेवा, म्हणून ती कोर्टात गेली.

दवाखान्याचे वकील राजोपाध्ये मोठे ऐटदार. म्हणाले, "साहेब, बाईंना सगळं समजावलं होतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे संमती दिली! वेगळं माणूस कशाला?"

कोर्टानं बहिऱ्यांच्या शाळेतून आणलेल्या मास्तरीणबाईंनी हे अक्काला खुणांनी सांगितलं. अक्का वकिलांकडे वळली आणि हसत हसत हातांनी बोलू लागली. एवढ्या मायेनं बोलतेय म्हटल्यावर वकीलसाहेबही हसून मान हलवत राहिले.

जज्जसाहेबांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "'वकीलदादा, चूक दवाखान्याचीच ना? मग माणूस ठेवायला तुमची संमती ना?' आणि वकीलसाहेबांनी मान हलवली."

"अहो, मला एक अक्षर कळलं नाही!" वकील ओरडले. "मी आपली भिडेपोटी हलवली!"

हेही खुणांनी कळल्यावर अक्काचे हात पुन्हा हलले. मास्तरीणबाईंनी सांगितलं, "त्या म्हणतात, 'दादा, मीपण.'"

जज्जसाहेबांनी माणूस ठेवायचा हुकूम तिथल्या तिथं दिला.