मार्थेच्या उतरंडीला मुंग्या लागल्या

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे ज्या बाया बोलत आहेत त्यांचं बोलणं महत्त्वाचं असेल, नाही असं नाही, पण महाराजांची कथा त्याहून गोड आहे.

शांतवन महाराज त्या साली वैशाखात सोनखडीला आले आणि चार दिवस राहतो म्हणून नाताळ होईपर्यंत राहिले. सोनखडी म्हणजे प्रवरेपासून दोन कोस आत, लहानसं गाव. ख्रिस्ती मंडळींची तीसएक घरं आणि पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनामंदिर. महाराज जन्माने ख्रिस्ती, राहणीने फकीर, आणि गळा असा की मारुतीच्या पारावर बसून त्यांनी प्रभूचं भजन धरलं तरी अख्खं गाव टाळ घेऊन धावायचं. जवळ एक एकतारी आणि एक घोंगडी. बोलावलं तिथे जेवायचे, नाही बोलावलं तर तसेच हसत झोपायचे.

त्याच गावात एका अंगणात दोन भाऊ राहत. थोरला शमुवेल, त्याची स्वतःची मालमोटार होती. धाकटा याकोब गुऱ्हाळावर राबणारा. थोरल्याची बायको एस्तेरबाई, सगळे तिला आक्का म्हणत. बाई वाईट नव्हती हो, पण नवऱ्याची मोटार दारात उभी राहिल्यापासून तिची मान खाली वाकायचं विसरली होती. धाकट्याची बायको मार्था. गरीब, कष्टाळू आणि मनाची हळवी.

नाताळच्या दिवशी सगळ्या भाऊबंदांची एक पंगत बसायची, आणि ती सहा वर्षं आक्काच्याच घरी बसत होती. नगरच्या बेकरीतून केक यायचा, नानकटाई यायची, मिठाई यायची. आक्का वाढता वाढता म्हणायची, "घ्या भाऊजी, पोटभर घ्या. वर्षातून एकदाच मिळतं तुम्हाला." सगळे हसायचे. पहिल्या वर्षी याकोबही हसला. दुसऱ्या वर्षीपासून बरोबर नाताळच्या दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागलं. तो घरात पडून राहायचा आणि शेजारी पंगत उठायची. पाच वर्षं हेच चाललं होतं. मार्थेच्या घशाखाली घास उतरत नसे. आपला नवरा आपल्या भावंडांत बसून ताठ मानेने जेवावा, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

त्या वैशाखात तिने धीर केला. भाऊबंदांपुढे म्हणाली, "औंदा नाताळची पंगत आमच्या घरी. सगळं घरचं करीन."

आक्का खो खो हसली. "तुझ्या घरी? आणि वाढशील काय, हवा? बरं, कर बाई. पण एक सांगते. ही पंगत फसली तर परत कधी नाव काढायचं नाही. मरेपर्यंत नाताळ माझ्या घरी."

मार्था हो म्हणून बसली आणि मग घाबरली. धावत महाराजांकडे गेली. महाराज लिंबाखाली एकतारीची तार पिळत बसले होते. सगळं ऐकून घेऊन महाराज म्हणाले, "नाताळ कधी आहे ग?"

"अजून सात महिने आहेत, महाराज."

"मग रडतेस कशाला? तुझ्याकडे पैसा नाही, पण दिवस तर तुला आक्काएवढेच मिळालेत! आजपासून लाग कामाला. रोज आपल्या ताटातली एक मूठ बाजूला काढ. प्रभू स्वतः गोठ्यात जन्मला, त्याला बेकरीचा डबा लागत नाही."

आणि काय सांगू मंडळी, त्या दिवसापासून याकोबाच्या घरात वैशाखातच नाताळ सुरू झाला! बाज उलटी टाकून शेवया वळल्या. कुरडया घातल्या, त्यांवर कावळे बसू नयेत म्हणून पोरांनी पाळ्या लावल्या. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या जोडून पंगतीला बसायला लांबच लांब पट्ट्या शिवल्या. पळसाची पानं वाळवून पत्रावळी टाचल्या. याकोबाने मजुरीत गुळाची एक ढेप मागून घेतली आणि बांबूच्या कामट्या तासून दारावर लावायचा तारा केला. तारा जरा वाकडा झाला, पण त्याने तो स्वतः केला होता. रोज भाकरी थापायच्या आधी मार्था पिठाची एक मूठ मडक्यात टाकी. काटकसरीची तिला अशी काही गोडी लागली की तिच्या आईच्या वेळेपासून उंबऱ्याबाहेर मुंग्यांना घालायची चिमूट, तीही मडक्यात जाऊ लागली. चिमटीचिमटीनं वाढतं, असं तिला वाटलं. बाईमाणूस, सात महिन्यांची ओढ, आपण तिला नावं ठेवू नयेत.

आक्का मात्र पाणवठ्यावर रोज नवी नक्कल करायची. "आमच्या धाकटीकडे आषाढात ख्रिस्तजन्म झाला बरं का! श्रावणात बारसं आहे, या सगळ्या!"

डिसेंबर उजाडला. तिळाचे लाडू झाले, शेंगदाण्याचे झाले, करंज्या झाल्या. अनारशाचं पीठ मुरत पडलं. सगळं उतरंडीच्या मडक्यांत भरून वर फडकी बांधली. नाताळला दोन दिवस राहिले तेव्हा सकाळी मार्थेने अनारसे तळायला म्हणून पिठाचं मडकं काढलं आणि तिच्या हातून फडकं गळून पडलं.

मुंग्या! तांबड्या मुंग्यांची जाडजूड ओळ भिंतीतून निघून उतरंडीवर चढलेली. लाडवांत मुंग्या, करंज्यांत मुंग्या, पिठाचा तर रंगच दिसेना. सात महिने जे एकेक मूठ साठवलं त्यावर अंगभर तांबडं हलत होतं.

तिची किंकाळी ऐकून पहिली कोण आली असेल? आक्काच. दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि हसू काही तिला आवरेना. "अग बाई! मुंग्यांनी तुझा नाताळ आधीच उरकला की! म्हणून म्हणते, विकत आणावं, त्याच दिवशी डबा उघडावा. आता रडू नकोस. माझ्या माहेरची पंधरा माणसं येणार आहेत परवा, तुझी पंगत बघायला. त्यांना मी जेवू घालीन, तुम्हालाही घालीन. नगरहून डबे आजच मागवलेत."

याकोब गुऱ्हाळावरून आला, उतरंडीकडे बघितलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. "मार्थे," तो हळूच म्हणाला, "माझ्या पोटात आत्तापासूनच दुखायला लागलंय."

तेवढं ऐकलं आणि मार्था अनवाणी धावत लिंबाखाली गेली. महाराजांच्या पुढ्यात कोसळलीच. "महाराज, तुम्ही म्हणालात म्हणून केलं. एकेक मूठ काढली. देवानं असं का केलं हो?"

महाराज उठले, तिच्याबरोबर घरी आले. उतरंडीपुढे बसून त्यांनी मुंग्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि गालात हसले. म्हणाले, "मार्थे, एक विचारतो, राग मानू नकोस. या मडक्यातल्या सगळ्याच मुठी तुझ्या ताटातल्या होत्या का?"

 मार्थेचे डोळे भरून आले. "एक चिमूट होती, महाराज. मुंग्यांची. वैशाखापासून त्यांना घातली नाही."

"मग या चोर कुठल्या? आपलंच मागायला आल्या बिचाऱ्या!" महाराज म्हणाले. "काटकसर आपल्या तोंडची करावी ग पोरी, दुसऱ्याच्या तोंडची करू नये. पण तू कबूल झालीस, म्हणजे झालं. एक लाडू काढ त्यातला. चांगला मोठा घे, फुटका शोधू नकोस."

मार्थेने लाडू काढला. महाराजांनी तो अंगणाच्या पलीकडे लिंबाच्या बुंध्याशी कुस्करला. मग काठीने उतरंडीपासून लिंबापर्यंत धुळीत एक रेघ ओढली आणि मुंग्यांपुढे हात जोडले. हो मंडळी, महाराजांनी मुंग्यांना हात जोडले! म्हणाले, "बायांनो, चूक झाली, माफ करा. तुमचं पान तिकडे मांडलंय. सण तोंडावर आलाय, या घरची अब्रू राखा."

आणि ओळ वळली! पहिली मुंगी मडक्यावरून उतरली, रेघेवर आली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे शंभर, हजार. प्रार्थनेला निघाल्यासारख्या एकामागे एक. शेजारपाजार गोळा झाला. पोरं ओरडायची थांबली.

आक्काचं दार त्या रेघेच्या जवळच होतं. ती घाबरली. "माझ्या घरात शिरतील मेल्या!" म्हणून चुलीवरचं आधणाचं पातेलं घेऊन ती बाहेर आली.

महाराज म्हणाले, "आक्का, पाणी ठेवा खाली. वाटेनं जाणाऱ्याला कशाला भाजता? घटकाभराचं काम आहे."

आक्काने ऐकलं नाही. पातेलं उपडं केलं. वाफाळतं पाणी अंगणात धावलं, ओळीपासून वीतभर अलीकडे आलं आणि तिथेच जिरलं. एक मुंगी भिजली नाही. अंगणाला तिथे उतार होता म्हणणारे आजही गावात आहेत. असू द्या बापडे. मी ते अंगण पाहिलंय, उतार उलट्या बाजूला आहे.

दुपारपर्यंत उतरंड मोकळी झाली. मार्थेने लाडू पाहिले, करंज्या पाहिल्या. एकीलाही भोक नाही! पीठ जसं मळलं होतं तसं. तिने खसखशीवर पहिला अनारसा थापून कढईत सोडला, तो जाळीदार फुलला, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. याकोब उठून चुलीत लाकडं सारू लागला. पोटाचं विचारायला कुणाला सवड नव्हती.

नाताळ उजाडला. सकाळी प्रार्थना झाली, महाराजांनी एकतारीवर भजन म्हटलं. दारावरचा वाकडा तारा उन्हात डुलत होता. मार्थेच्या अंगणात पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. तिकडे आक्काच्या माहेरची पंधरा माणसं येऊन बसली. तिने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "तिच्याकडे नावाला बसा, खरं जेवण इकडे." आणि डौलात नगरचा पहिला डबा उघडला.

डब्यात मुंग्या. दुसरा उघडला, त्यात मुंग्या. केकच्या आतून मुंग्या, मिठाईच्या कागदाखाली मुंग्या. आणि त्या आपल्या सोनखडीच्या तांबड्या नव्हत्या हो! मोठाल्या, काळ्या, शहरी मुंग्या, थेट नगरहून मोटारीत बसून आलेल्या. मुंग्या शिरू नयेत म्हणून आक्काने उंबऱ्यावर हळदीची जाड रेघ ओढली होती, पण डब्यातून येणाऱ्याला उंबरा कुठे लागतो?

घरात पंधरा पाहुणे आणि चुलीवर काही नाही. अर्धा तास आक्का स्वयंपाकघरात एकटीच उभी राहिली. मग रिकामी परात घेऊन मागच्या दाराने मार्थेकडे आली. आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून तिने परात पुढे केली.

मार्थेने परात पाहिली, आक्काचा चेहरा पाहिला. टोमणा मारायला जागा होती, आणि मारला असता तर कुणी तिला दोष दिला नसता. तिने परात काढून घेतली आणि चुलीमागे ठेवली. "परातीतून कशाला नेता, आक्का? सगळ्यांना इकडेच आणा की. पत्रावळी जास्तच टाचल्यात. तुमच्या माहेरची माणसं ती माझीच."

पंधरा माणसं आणखी बसली. शेवयांची खीर पुरली, अनारसे पुरले. लोक याला चमत्कार म्हणतात, पण महाराज स्वतः म्हणाले की यात चमत्कार नाही, सात महिन्यांच्या मुठी आहेत. याकोब पंगतीच्या मधोमध थोरल्या भावाशेजारी बसला होता. शमुवेलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "याक्या, तुझ्या बायकोच्या हातचा अनारसा म्हणजे बेकरीवाल्याला शाळेत घालील!" याकोबाने चौथा अनारसा उचलला.

आक्काने वाढायला म्हणून खिरीचं भांडं हातात घेतलं. एकेकाला वाढत ती याकोबापुढे आली आणि पळी हातातच राहिली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भांडं खाली ठेवून ती महाराजांकडे वळली, डोकं त्यांच्या पायांवर टेकलं. सगळी पंगत बघत होती.

"महाराज, मी पापीण. भाऊजींचं पोट कधीच दुखत नव्हतं. पहिल्या वर्षापासून मला ठाऊक होतं. माझ्या बोलण्यानं ते उपाशी राहतात हे ठाऊक असूनसुद्धा दरसाल मी तेच बोलले. गंमत वाटायची मला."

 महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आक्का, एवढं बोललात, सगळं फिटलं. पण हा नमस्कार माझा नाही. मी नुसती रेघ ओढली. ज्या घरानं जेवू घातलं त्या घराला करा."

आक्का उठली ती मार्थेपुढे जाऊन वाकली. थोरली जाऊ आपल्या पाया पडते म्हटल्यावर मार्थेची काय अवस्था! "अहो आक्का, हे काय भलतंच!" म्हणत तीही घाईघाईने आक्काच्या पायांकडे वाकली, आणि दोघींची डोकी ठणकन आपटली.

आधी महाराज हसले. मग शमुवेल, मग पंधरा पाहुणे, मग सगळी पंगत. त्या दोघी कपाळ चोळत जमिनीवर बसल्या, एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या आणि रडत होत्या, आणि कोण कुणाच्या पाया पडलं ते सोनखडीत अजून ठरलेलं नाही.