शाही चाकांवरचे फोड

कुरणगडच्या महाराजांच्या मोटारीला फोड आले! मोटारीला म्हणजे चाकांना. चारही चाकं नवीन पावडर कोटिंग करून, म्हणजे रंगाची पूड फवारून आणि भट्टीत भाजून, दरबारात मांडली होती. रंग शाही सोनेरी, पण प्रत्येक चाकावर एका बाजूला गोवर उठावा तसा दाण्यांचा पुंजका.

महाराजांकडे मोटार एक होती आणि ती चालवायला रस्ता पाऊण. तरी वाढदिवसाची मिरवणूक तीन दिवसांवर आली होती आणि शेजारचे सगळे राजे खास ही चाकं बघायला येणार होते. निदान महाराजांची तशी समजूत होती.

"याला फिनिशिंग म्हणतात?" महाराज गरजले. "यापेक्षा आमच्या दिवाणजींचं टक्कल गुळगुळीत आहे!"

"आहेच, महाराज!" दिवाणजी म्हणाले. हो म्हणायचाच त्यांना पगार होता.

चाकं केली होती समोर उभ्या असलेल्या तुळसानं. गावाबाहेर तिचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडमध्ये एक भट्टी. भंगारातली दोन लोखंडी कपाटं जोडून ती तिच्या भावानं, बापूनं, स्वतःच्या हातानं बनवली होती. बापू जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. भट्टीच्या दारावर त्यानं खडूनं लिहिलेला तापमानाचा आकडा तसाच होता. तो पुसू नये म्हणून शेडमधलं कुणी त्या दाराला पाठसुद्धा टेकवत नव्हतं.

"तीन दिवसांत चाकं आरशासारखी झाली पाहिजेत," महाराज म्हणाले. "पण चढलेला शाही रंग खरवडायचा नाही, तो अपशकुन. त्यावर दुसरा रंगही चढवायचा नाही, चाकं जाड दिसतील. नाही जमलं तर तुझी ती भट्टी उचलून आमच्या मुदपाकखान्यात आणू. रताळी भाजायला बरी पडेल."

"फार छान भाजतील, महाराज!" दिवाणजी म्हणाले.

तुळसाची कानशिलं तापली. महिनाभर रडून रडून डोळ्यांतलं पाणी संपलं होतं. उरला होता तो राग.

"म्हणजे काढायचं काही नाही, घालायचं काही नाही, आणि काम मात्र झालं पाहिजे!"

"अगदी बरोबर!" महाराज म्हणाले.

"राज्याचा कारभार असाच चालतो वाटतं!"

दरबारातले चारपाच जण एकदम खोकले.

"महाराज, जरा जवळ येऊन बघता का?" तुळसानं एक चाक उभं केलं. "दाणे सगळीकडे नाहीत. इथं एक मोठा पुंजका. त्याच्या वर चार पट्टे, बाजूला एक आखूड पट्टा. कशासारखं दिसतं?"

"कमळ!" दिवाणजी घाईनं म्हणाले. "शुभचिन्ह आहे, महाराज!"

"हात ठेवून बघा, महाराज."

महाराजांनी हात ठेवला. तळवा पुंजक्यावर बसला. चार बोटं चार पट्ट्यांवर बसली. अंगठाही नेमका जागेवर गेला.

कुरणगडात रीतच होती. नवी विहीर असो, नवा बैल असो की नवरदेव असो, महाराज देवघरातल्या समईच्या तेलात हात बुडवून त्यावर पंजा उमटवायचे. तो पंजा कुणी पुसला किंवा त्याला नाव ठेवलं, तर वीस फटके. चाकं धुऊन भट्टीसमोर टांगली होती, तेव्हाही महाराज आले आणि चारही चाकांना आशीर्वाद देऊन गेले.

"आमच्या हातानं फोड येतील?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "हा हात शुभ आहे!"

"हात शुभच, महाराज. तेल मात्र तेलच! धुतलेल्या लोखंडाला आम्ही बोटसुद्धा लावत नाही. पावडरखाली तेल राहिलं की भट्टीत ते तापतं आणि वर यायला धडपडतं. मग हे असे फोड येतात. आमच्या शेडमधले गफूरचाचा फडकं घेऊन पुसायला निघालेच होते. तेवढ्यात दिवाणजी ओरडले, 'महाराजांचा पंजा पुसतोस? मुंडकं उडवीन!'"

"ओरडलो होतो, महाराज!" दिवाणजींनी छाती फुगवली. "चांगला मोठ्यानं ओरडलो होतो!"

"ते काही असो," महाराज हट्टानं म्हणाले. "हुकूम तो हुकूम. खरवडायचं नाही, चढवायचं नाही. रताळी आणायला सांगा!"

"सांगा," तुळसा म्हणाली. "पण त्याआधी एकच उत्तर द्या. चाकावर उमटलाय तो महाराजांचा पंजा, की तेलाचा डाग?"

"का?"

"पंजा असेल तर चाकं झकास आहेत! आणि पंज्याला नाव ठेवणाऱ्याला वीस फटके. सकाळपासून नावं कोण ठेवतंय, ते साऱ्या दरबारानं ऐकलंय. डाग असेल तर मात्र डाग खरवडायला कसला आलाय अपशकुन? खरवडते, पुन्हा कोटिंग करते, आणि मिरवणुकीला चाकं हजर!"

महाराज दिवाणजींकडे वळले. "काय आहे हो ते? पंजा की डाग?"

दिवाणजींना घाम फुटला. जन्मात पहिल्यांदा हो म्हणून भागणार नव्हतं.

"दोन्ही, महाराज!"

"म्हणजे आधी आम्ही फटके खायचे आणि मग चाक खरवडायचं?"

"हो, महाराज!"

महाराजांनी डोळे वटारले. मग त्यांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे खदाखदा हसले की पगडी घरंगळून चाकात जाऊन बसली.

"डाग! डाग आहे तो! खरवड, पोरी! भट्टी तुझीच राहील. शिवाय राजवाड्याच्या चाळीस खिडक्यांच्या गजांचं काम आजपासून तुझं. आणखी काय हवं ते माग!"

"एक लेखी हुकूम हवा, महाराज. चाकं भट्टीतून बाहेर येईपर्यंत महाराजांनी दोन्ही हात खिशात ठेवायचे."

"कबूल! आणि दिवाणजींनी?"

"त्यांचे हात मोकळे राहू देत. फक्त तोंडावर फडकं बांधा!"

महाराज पुन्हा हसायला लागले. हसता हसताच त्यांनी बोटातली अंगठी काढून तुळसाच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "दिवाणजी, लिहा हुकूम!"

"लिहितो, महाराज!" म्हणत दिवाणजींनी फडक्याचं मापसुद्धा लिहून टाकलं.