गुहेतलं प्रदर्शन

पुस्तक न उघडता त्याचं कौतुक करणाऱ्यांनो, तुम्ही काही नवे नाही. पशुपक्षी बोलत होते, तेव्हाही तुम्ही होतात.

त्या काळी पानं शिवून घरटं बांधणाऱ्या शिंपीण नावाच्या पाखराने एक पुस्तक शिवलं. अक्षरं तिने चोचीने टोचून काढली होती. पान उन्हात धरलं की शब्द उजेडाचे होऊन जमिनीवर उमटत. रसिक मंडळाचा अध्यक्ष मोर म्हणाला, "उन्हाने पानांचा रंग उडेल. प्रदर्शन गुहेत भरवू."

"मोरराव, अंधारात ते वाचता येणार नाही."

"वाचायला कोण येतंय, बाई? लोक कलाकृती अनुभवायला येतात."

गुहेत मिट्ट काळोख होता. "काय ही रेषा," मोर म्हणाला. "आणि काय तो अवकाश," कोल्हा म्हणाला.

"यातला कोणता शब्द आवडला?" शिंपिणीने विचारलं.

"असं विचारायचं नसतं," कोल्ह्याने समजावलं आणि मोराचं भाषण सुरू झालं.

शिंपिणीने पुस्तक उचललं आणि ती बाहेर उन्हात गेली. तिथे खारी आणि मुंग्या जमिनीवरचे शब्द वाचू लागल्या. आत मोर अजून पानांच्या पोतावर बोलत होता.

छताला लटकलेलं वटवाघूळ शेवटी कंटाळून म्हणालं, "अहो, ती पुस्तक घेऊन केव्हाच गेली."