पाच पेठांचे पाच पंच

ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेले एक शहर होते. त्यात पाच पेठा होत्या आणि कारभार पाहायला पाच पंच. निवडणुकीच्या दिवशी सगळे शहर एका मैदानात जमे आणि आपल्या आवडत्या माणसांच्या मडक्यांत चिंचोके टाकी. बाजारपेठेत वस्ती दाट, त्यामुळे तिथल्याच माणसांची मडकी भरत. पाचही पंच दर वेळी बाजारपेठेचेच होत.

त्यांत मोरेश्वरशेट कापडवाले सर्वांत जुने. माणूस सरळ, मनाने मऊ. कुणी गाऱ्हाणे घेऊन आले की आपुलकीने ऐकत आणि "बघू या हं," म्हणत.

ओढ्यापलीकडे कोष्टीपेठ होती. तिथली सगुणाबाई दर वर्षी सभेत येई. "ओढ्यावर लाकडी साकव तरी घाला. पावसाळ्यात आमची वाटच बंद होते."

"बघू या हं."

एका श्रावणात ती म्हणाली, "शेटजी, बघू म्हणता, तर एकदा बघायलाच या की!"

शेट खजील झाले. दुसऱ्याच दिवशी ते ओढा ओलांडून गेले. पाणी घोट्याएवढेच होते. पण सगुणाबाईच्या घरी ते टेकतात न टेकतात तोच डोंगरावर पाऊस कोसळला आणि ओढा दुथडी भरून वाहू लागला. नेमक्या त्याच वेळी सगुणाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या.

सुईण बाजारपेठेत राहायची. काठावरून हाका मारून तिला बोलावले. ती धावत आली, पण पाण्यात पाऊल टाकता येईना. मग पलीकडूनच ती ओरडून सांगू लागली. पाण्याच्या आवाजात बायकांना काही कळेना.

मोरेश्वरशेटचा आवाज खणखणीत. ते काठावर भिजत उभे राहिले. सुईण सांगेल ते कान देऊन ऐकायचे आणि घराकडे तोंड करून ओरडायचे. "पाणी उकळा! तिला कुशीवर वळवा! भिऊ नको म्हणावं पोरी, सगळं नीट आहे!"

दिवस मावळताना बाळाचे रडणे ऐकू आले. मुलगी झाली होती. शेटनी दोन्ही हात उंचावून पलीकडे सांगितले, तशी सुईण चिखलातच मटकन बसली आणि हसू लागली.

पाणी उतरल्यावर शेट निघाले. "बाई, इतकी वर्षं मी नुसतं बघू म्हणत राहिलो," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

पुढच्या सभेत त्यांनी मांडले, "यापुढे प्रत्येक पेठेने आपला पंच आपण निवडावा."

गोविंदशेट नावाचे पंच चिडले. "म्हणजे आपल्यातले चौघे घरी! आणि मग जो तो आपल्याच पेठेचं ओढणार. साऱ्या शहराचं कोण बघणार?"

"ते आज मला सांगता येणार नाही," मोरेश्वरशेट म्हणाले. "पण घरी बसणाऱ्यांत पहिला मी."

त्यांनीच जागा सोडल्यावर बाकीच्यांना नाही म्हणवेना.

निवडणूक झाली. बाजारपेठेने गोविंदशेटना निवडले, कोष्टीपेठेने सगुणाबाईला. नव्या सभेच्या पहिल्या दिवशी मोरेश्वरशेट लोकांत मागे बसले. गोविंदशेटचे म्हणणे खरे ठरले तर, ही धास्ती मनात होतीच.

त्या वर्षी एकच मोठे काम होण्यासारखे होते. सगुणाबाई साकव मागणार, हे सगळे धरूनच चालले होते. तिच्या आधी कुंभारपेठेचा पंच लखू उभा राहिला. सभेत बोलायची त्याची पहिलीच वेळ. तो अडखळत म्हणाला, "आमची विहीर चैत्रातच आटते. बाया डोंगराखालून पाणी आणतात. माझी आई हंड्यासकट पडली. अजून अंथरुणावर आहे." आणि खाली बसला.

आजवर सभेत हे कुणी बोललेच नव्हते.

सगुणाबाई उठून उभी राहिली. मग म्हणाली, "साकव पुढल्या वर्षी घाला. यंदा ह्यांची विहीर खोल खोदा. पावसाळ्यात एक सुईण आमच्या काठावर ठेवा, म्हणजे झालं."

गोविंदशेटनी मान खाली घातली. "सुईणबाईंची सोय बाजारपेठ करील," ते हळूच म्हणाले.

मोरेश्वरशेटनी उपरण्याने डोळे टिपले.

"काय झालं, शेटजी?" शेजारच्याने विचारले.

"काही नाही रे. आज सगळं शहर बोललं."

तात्पर्य: आपण कितीही भले असलो, तरी ज्याचे दुःख त्याला बोलायला जागा द्यावी, आणि ज्याला जागा मिळाली, त्याने शेजाऱ्याचे दुःखही ऐकावे.