धुरपदाचं बसणं

ऐका. ही आमच्या कोळझिऱ्याची गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्यांच्या पणज्यांनाही ती त्यांच्या पणज्यांकडूनच कळली.

फार वर्षांपूर्वी आमच्या नदीकाठाला चुन्याची भट्टी होती. भट्टी गावच्या पाटलाची. दगड फोडायला आणि भाजलेला चुना उपसायला बाया लागत. चुन्यानं हात सोलून निघत, डोळे चुरचुरत, आणि पोटात भूक असायचीच. पाटील हुशार माणूस. तो रोज सकाळी भट्टीशी उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येक बाईच्या जिभेवर ज्वारीच्या दाण्याएवढी अफूची गोळी ठेवायचा. मग हात दुखत नसत, भूक लागत नसे. लेकुरवाळीला तो थोडी जास्त द्यायचा. "पोराला चाटव, गप निजंल," म्हणायचा. बाया त्याला देवमाणूस म्हणत, असं म्हणतात.

त्या बायांतलीच एक धुरपदा. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, पदरात आठ महिन्यांची मुलगी. एके दिवशी तिनं मुलीला अफू चाटवली, झोळीत निजवलं आणि कामाला लागली. दुपारी पाजायला आली, तर मुलगी गार पडलेली. धुरपदा रडली नाही. रडायला लागते तेवढी शुद्धच तिला नव्हती. तिनं झोळी बाजूला सारली आणि दिवस मावळेपर्यंत चुना उपसला. दुसऱ्या दिवशी नशा उतरली, तेव्हा तिला कळलं की आपली मुलगी गेली.

गावाबाहेर एक ओस पडलेला कोंडवाडा होता. धुरपदा त्यात शिरली आणि भट्टीवर सोबत असणाऱ्या शेजारणीला, सरजाला, म्हणाली, "बाहेरून कडी घाल, सरजे. मी कितीबी बोंबलले तरी नऊ दिवस उघडू नको. दाराखालून पाणी आन् पेज तेवढी सरकव."

"आन् मेलीस तर?"

"तर धाव्या दिवशी उघड."

तिला हगवण लागली, ओकाऱ्या झाल्या, हाडं मोडून निघाली. तिनं भिंतीवर डोकं आपटलं, सरजाला नाही नाही त्या शिव्या दिल्या. गाव म्हणालं, हिला हडळ लागली. शेजारचा लिंब त्या नऊ दिवसांत वाऱ्यावाचून थरथरत होता, असं म्हणतात. दहाव्या दिवशी सरजानं कडी काढली, तेव्हा लिंबावर एक पान उरलं नव्हतं. आत धुरपदा उभी होती. केस पांढरेफेक, नजर मात्र स्वच्छ.

मग अफू सोडायला सरजा आत गेली. पण धुरपदानं तिला एकटीला कोंडलं नाही. ती सोबत बसली. तिच्याकडं औषध नव्हतंच. ती पेज पाजायची, ओकारी पुसायची, पाय चेपायची, शिव्या ऐकून घ्यायची. "एकच गोळी दे," म्हणून बाई पाया पडली, की म्हणायची, "सकाळच्याला बोलू." सकाळी पुन्हा तेच. असं करत वीस बाया सुटल्या.

सुटल्या, पण घरी काय? गावचे पुरुष मोहाची दारू पिऊन पारावर लोळत, त्यांना बायकाच उचलून नेत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. कोंडवाड्यातून आलेल्या बाईला मात्र नवरा दारातच अडवायचा. "अफूबाज बाई माझ्या घरात नको," म्हणायचा. अफू खात होती तोवर तीच बाई त्याला चालत होती.

पाटलाला सून होती, सुंद्रा. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली. ती रडायची थांबेना म्हणून सासूनं तिला अफूची सवय लावली. एका सकाळी सुंद्रा तोंडावर पदर ओढून एकटीच कोंडवाड्यात आली आणि धुरपदापाशी बसली. पाचव्या दिवशी पाटील चार माणसं घेऊन आला.

धुरपदा दारात आडवी आली. "पाटील, निम्मी वाट झालीया. आणखी चार दिस द्या. मग न्या."

"माझ्या घरची सून या गुरांच्या जागेत? गाव काय म्हणंल?"

"न्यायचीच तर न्या. पर एक ऐका. आता तिला पयल्यावानी गोळी देऊ नका. तिचं अंग आता ती पेलायचं नाही. जीव जाईल."

सुंद्राला ओढत नेलं. घरी ती किंचाळत होती, शेजारीपाजारी ऐकत होते. सासूनं तिला गप करायला पहिल्याएवढीच गोळी दिली, वर आणखी एक. दिवस मावळायच्या आत सुंद्रा कायमची गप झाली.

पाटलानं पारावर सांगितलं, "धुरपदानं मारली." गाव जमलं. धुरपदाला भर दुपारी शिवेबाहेर काढलं. त्या गर्दीत वीसच्या वीस बाया उभ्या होत्या. धुरपदानं प्रत्येकीकडं पाहिलं. घरातून हाकलतील या भीतीनं एकीनंही तोंड उघडलं नाही. सरजासुद्धा खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीत चुना होईना. लाकूड जळायचं, दगड दगडच राहायचा. शेवटी भट्टी तशीच ढासळली, असं म्हणतात. नदीच्या खालच्या अंगाला पाच गावं आहेत. पाचही गावं सांगतात, की त्यानंतरच्या अमावास्येला एक पांढऱ्या केसांची बाई आमच्याकडं आली आणि एका आजारी बाईजवळ नऊ दिवस बसली. एकाच वेळी पाच गावांत. आमच्या गावात मात्र ती पुन्हा आली नाही.

आता कोंडवाड्याच्या जागी शेंदूर लावलेला दगड आहे. चैत्रात धुरपदाआईची जत्रा भरते. मानाचा नारळ पाटलाच्या घरचा असतो, आणि पालखी हलेपर्यंत निम्मे भोई प्यालेले असतात.

बायकांचं वेगळं असतं. कुणी दारूत अडकलेली, कुणी झोपेच्या गोळ्यांत, कुणी आणखी कशात, पहाटेच्या एसटीनं येते. दगडामागच्या खोलीत ती नऊ दिवस राहते, आणि गावातली एकेक बाई रोज तिच्याजवळ बसते. याला आम्ही धुरपदाचं बसणं म्हणतो. पहिला दिवस सरजाच्या घराण्यातल्या बाईचा. तो त्या घरानं कधी चुकवलेला नाही.

येणारी बाई मात्र घरातून निघताना सांगते, माहेरी चाललेय. खरं सांगितलं तर परतल्यावर दार उघडेल की नाही, हे अजून तिला ठाऊक नसतं.