फोनची बिनतारी मैत्री

वायरी नुकत्याच ड्रॉवरमध्ये जाऊन पडल्या, त्या काळातली गोष्ट. कारखानीसकाकूंचा फोन तिथल्या एका वायरीला रोज चिडवायचा, "तुझ्याशिवाय माझं गाणं हॉलमधल्या स्टिरिओवर वाजतं. मी घरभर हिंडलो तरी आमची मैत्री तुटत नाही!"

"तेच तर," वायर म्हणायची.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. स्टिरिओवर सनई लागली होती. शेजारच्या चिपडेवहिनींना वाण आणि ब्लाउजपीस देऊन काकू फोन घेऊन चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात बहिणीचा व्हॉइस मेसेज आला. काकूंनी तो लावला, पण ऐकूच येईना. म्हणून आवाज पूर्ण वाढवून पुन्हा लावला.

हॉलमध्ये स्टिरिओ दुसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं गरजला, "ताई, जांभळा ब्लाउजपीस चिपडेवहिनींनीच दिलेला आहे गं, त्यांना देऊ नकोस!"

काकू धावत बाहेर आल्या. सगळ्या बायका तिळगूळ चघळत पंख्याकडे बघत होत्या.

"असू द्या हो," चिपडेवहिनी म्हणाल्या. "मला तरी तो तुमच्या बहिणीकडूनच आला होता."

फोन स्टिरिओवर खेकसला, "तुला गप्प बसता येत नव्हतं?"

"तू आत गेलास हे मला काय ठाऊक?" स्टिरिओ म्हणाला. "जाताना निरोप तरी घ्यायचास."