जयवंतचा खांदा

बोरपाडी नावाच्या गावात बेसबॉलचा चांगला खेळाडू एकच होता. त्याचे पुढे काय होणार हे सांगणारी माणसे मात्र घरटी एक होती.

खेळाडूचे नाव जयवंत. तो चेंडू असा फेकायचा, की समोरच्याची बॅट उठेपर्यंत चेंडू मागच्या पोराच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असे. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली, आणि त्या दिवसापासून सदू न्हाव्याच्या दुकानात दाढीपेक्षा चर्चाच जास्त होऊ लागली.

चर्चेत पुढे दोघे. एक निवृत्त कंडक्टर बापू भोसेकर, दुसरा जयवंतचा धाकटा भाऊ रामदास. रामदासची शाळा सातवीत सुटली होती, पण भावाचे भविष्य त्याला तोंडपाठ होते.

“दोन वर्षांत दादा जपानला,” रामदास म्हणे.

“जपान नको,” बापू म्हणत. “तिथं मासे कच्चे खातात. पोराला आपण अमेरिकेला धाडू.”

मग जाहिरातींचा विषय निघे. बनियनची जाहिरात घ्यायची नाही, असे एकमताने ठरले. गावचा माणूस भिंतीभिंतीवर उघडा दिसणे बरे नव्हे. दंतमंजन सदूने बाद केले, कारण जयवंतचा पुढचा दात किडका होता. बापूंचा जोर सिमेंटवर होता. “सिमेंटला इज्जत आहे.” गावात अजून एकही कंपनी आली नव्हती, पण दोन कंपन्यांना नकार देऊन झाला होता.

एकदा रामदासने बातमी आणली, “दादा हल्ली चहा डाव्या हातानं पितो.”

बापूंनी अर्ध्या दाढीनिशी मान वळवली. “म्हणजे दोन्ही हातांनी फेकायची तयारी चाललीय. बोलायचा नाही तो. पक्का आहे.”

त्याच आठवड्यात खरोखरच एक माणूस जीप घेऊन आला. शेतीच्या पाइपांच्या कंपनीचा. जयवंत रविवारचा सामना शेवटपर्यंत खेळला, तर त्याचा फोटो पाइपांच्या जाहिरातीवर येणार होता. बापूंनी लगेच फ्लेक्स लावला. त्यावर शुभेच्छुकांचे सत्तावीस फोटो होते, आणि उरलेल्या जागेत जयवंतचा.

रविवारी सकाळी रामदास भावाला बोलवायला गेला. जयवंत अर्धा सदरा घालून उभा होता. उजवा हात खांद्याच्या वर उठतच नव्हता.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही अमेरिकेपर्यंत पोचला होता. मध्येच कसं अडवू?” जयवंत हसला, पण हसताना त्याने खांदा धरला. “आजचा दिवस निभावतो. फ्लेक्स लागलाय. तू फक्त सदरा चढव.”

रामदासने सदरा चढवला नाही, काढून घेतला. सदरा काखोटीला मारून तो मैदानाकडे निघाला. वाटेत फ्लेक्स लागला. तिथे त्याचे पाय क्षणभर अडखळले. मग तो तडक कंपनीच्या माणसापुढे जाऊन उभा राहिला.

“दादा आज फेकणार नाही. त्याचा खांदा दुखतोय.”

शेजारीच उभ्या असलेल्या बापूंचा चेहरा पडला. “अरे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोसेल तो. फेकायला काय लागतंय एवढं?”

रामदासने चेंडू आणून त्यांच्या हातात ठेवला. “मग बापू, तुम्हीच फेका.”

सगळा गाव बघत होता. बापूंना माघार घेता येईना. त्यांनी टोपी सारखी केली, हात मागे नेला आणि जोर लावला. चेंडू त्यांच्याच पायाशी पडला. हात मात्र वर राहिला तो खाली येईना.

तालुक्याच्या दवाखान्यात जायला जीप तेवढी एकच होती. पुढे कंपनीचा माणूस बसलेला. मागे वाटेत घरून घेतलेला जयवंत, रामदास आणि हात वर केलेले बापू. रस्त्यावरची माणसे बापूंना उलट हात करत होती.

बापू हळूच म्हणाले, “बाळा, असंच दुखतं का रे तुला?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

बापूंनी मोकळ्या हाताने टोपी काढून मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी बापूंचा हात खाली आणला. जयवंतला मात्र सहा महिने चेंडूला शिवायचे नाही, असे बजावले. आज फेकला असता, तर खांदा कायमचा गेला असता.

पाइपांच्या जाहिरातीवर पुढे हत्तीचा फोटो आला. रामदासला त्याचे काही वाटले नाही. तो रोज सकाळी भावाच्या खांद्याला तेल चोळत होता, आणि चोळण्याआधी विचारत होता, “आज कसं आहे, दादा?”

तात्पर्य: ज्याच्या उद्याबद्दल आपण एवढे बोलतो, त्याला आज काय दुखते ते आधी विचारावे, आणि तो समोर आहे तोवर विचारावे.